देवघरातला खटका

खट् असा आवाज झाला आणि शेजारच्या खोलीतली घरघर थांबली. माझा जप अर्ध्यावर होता. डोळे उघडून वर पाहिलं, तर बाळकृष्णाच्या डोक्यावर, फळीच्याही वर, विजेच्या डब्यातला तो काळा खटका पुन्हा मान टाकून पडला होता.

"पडला का गं?" यांनी आतून विचारलं.

पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. लग्नानंतर घेतलेला नेम आहे तो. मी एक टाळी वाजवली. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, अशी आमची सकाळची भाषा ठरून गेली होती.

"मग कर ना वर. घाम फुटला मला."

मी माळ ताम्हणात ठेवली, स्टुलावर चढले, खटका वर केला. एसी धापा टाकत सुरू झाला. मी खाली उतरून माळ हातात घेते न घेते तोच पुन्हा खट्.

भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो. इतकी वर्षं वाळ्याच्या कूलरवर निभावलं होतं, पण त्या वर्षी यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना आता ऊन सोसायचं नाही आणि कूलरची ओल तर मुळीच नाही. खोली थंड आणि कोरडी ठेवा, नाहीतर पुन्हा इथेच आणावं लागेल, आणि पुन्हा आणलंत तर मी शब्द देत नाही. नाशिकहून आमच्या केतकीने दुसऱ्याच दिवशी दीड टनाचा एसी पाठवून दिला.

बसवायला यांनी संघपाल सुरवाडेला बोलावलं. त्याचे वडील, सुकदेव, रेल्वेत यांच्या हाताखाली होते. हे गार्ड, आणि यांची लोखंडी पेटी गाडीच्या शेवटच्या डब्यात चढवून देणारे ते सुकदेव. दिवाळीला सुकदेव न चुकता यायचे, ओट्यावर बसायचे, फराळ पिशवीत घेऊन जायचे. त्यांचा मुलगा आता एसी-फ्रिजचं दुकान चालवत होता, दारात स्वतःची गाडी होती. बोलायला एकदम फटकळ. पहिल्या दिवशी आला तेव्हा यांना म्हणाला, "साहेब, आयुष्यभर डब्यात मागे बसून वारा खाल्ला, आता पुढून खा." हे खूप हसले. धाप लागेपर्यंत हसले.

यांचा स्वभावच तसा होता. कुणाला नाही म्हणता येत नसे. उसनं मागायला आलेला, जागा मागायला आलेला, वर्गणी मागायला आलेला, सगळ्यांशी गोड. स्टेशनात यांना देवमाणूस म्हणत. वसाहतीत थट्टा व्हायची, की उपासनींच्या घरात बायको देवभोळी आणि नवराच देव. मला ती थट्टा आवडायची, खोटं कशाला बोलू.

संघपालने एसी भिंतीवर चढवला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. चहा घेऊन बाहेर आले तर तो ओट्यावर उभा होता, चपला पायात. मी म्हटलं, आत बसून घ्या ना. तो म्हणाला, घाई आहे काकू, आणि उभ्या उभ्या चहा पिऊन कप ओट्याच्या कडेला विसळून ठेवला. मला वाटलं, हंगाम आहे, असेल घाई.

तो गेल्यावर कळलं, की एसीसाठी देवघरातल्या डब्यापासून नवी वायर ओढायला हवी होती, ती ओढलीच नव्हती. खोलीत कूलरचं जे जुनं बटण होतं त्यालाच एसी जोडून दिला होता. मी यांना विचारलं, तर म्हणाले, तो म्हणाला चालेल.

चाललं नाही. खटका पडतच राहिला. एसी सुरू व्हायचा, पाच-दहा मिनिटं खोली गार व्हायची, फ्रिज लागला किंवा कुणी पाण्याची मोटार लावली की खट्. यांनी संघपालला फोन केला. त्याने विचारलं, खटक्यावर आकडा काय आहे. यांनी मला विचारलं, मी स्टुलावर चढून वाचला. दहा. फोनवर बराच वेळ बोलणं झालं. मला फक्त यांच्या बाजूचं ऐकू येत होतं. "नाही रे, ते कसं जमणार," असं एकदा म्हणाले, आणि मग हसत, "तू आकडा सांग, बाकी आम्ही बघतो." फोन ठेवून मला म्हणाले, हा म्हणतो बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही, नखरे आहेत नुसते.

मग शेजारचे बापू नेवे आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, हातात कायम पक्कड. ते म्हणाले, अहो सोपं आहे, खटका लहान आहे म्हणून पडतो, मोठा टाकला की पडणारच नाही. त्यांच्या घरी जुन्या सामानात एक होता. मी देव हलवून पाटावर ठेवले, बापूंनी मेन बंद करून दहाचा काढला, आपला बसवला. त्यावर बत्तीस लिहिलं होतं.

आणि खरोखरच पडला नाही. दिवसभर नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. यांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. मी देवापुढे साखर ठेवली. आणि वाटलं, संघपालला सांगावं, बिचाऱ्याला काळजी असेल. पूजा झाल्यावर मीच फोन लावला. म्हटलं, आता पडत नाही हो, बापूंनी मोठा बसवून दिला.

"केवढा?"

"बत्तीस लिहिलंय."

पलीकडे हत्यारं पिशवीत टाकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काकू, एसी बंद करा. मी येतोय."

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, दुकानदारी आहे त्याची, आपलं काम दुसऱ्याने केलं म्हणून पोटात दुखतंय, बाहेर ऊन काय पेटलंय ते दिसत नाही का तुला, अजिबात बंद करायचं नाही. बाहेर खरंच पेटलं होतं. मी एसी चालू ठेवला.

संघपाल पुढच्या दाराने आलाच नाही. मी देवघरात फुलं काढत होते, तर मागच्या खिडकीच्या गजांतून त्याचा आवाज आला. परसात, त्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून तो उभा होता.

"काकू, डब्यातून खोलीकडे जी वायरीची पांढरी पट्टी गेलीय, तिला हात लावून बघा. तापलीय का?"

मी हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यावरची भाकरी उलटताना लागतो तसा चटका होता.

"तापलीय. तुम्ही आत या ना, बघा तुम्हीच."

"नको. तुम्हीच सांगा. वास येतोय का?"

येत होता. सकाळपासून मी तो उदबत्तीचा धरून चालले होते.

"अहो, पण आत या," मी पुन्हा म्हटलं. "असं खिडकीतून काय कळणार?"

तो जरा चिडला. "काकू, हा खटका, एमसीबी, एसीसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या आधी त्याने नाही म्हणायचं, एवढंच त्याचं काम. तुमची आतली वायर जुनी, बारीक, तिच्यावर फ्रिज, मोटार आणि आता एसी. दहाचा नाही म्हणत होता म्हणून घर शाबूत होतं. हा बत्तीसचा नाही म्हणतच नाही. सगळ्याला हो हो करत बसलाय आणि आत वायर जळून राहिली. मी पहिल्याच दिवशी डबा बघितला असता तर नवी वायर ओढून वीसचा टाकला असता. न बघता जोडलं ती माझी चूक. पण तुमच्या सोवळ्यापुढे मी काय करणार?"

"माझं कसलं सोवळं?"

"साहेब म्हणाले ना. बोर्ड देवघरात आहे, तिथे परक्या माणसाची सावलीसुद्धा हिला चालत नाही. फोनवर पण तेच. बापू नेवे गेले तर चालतात, आम्ही गेलो तर काकू आजारी पडतील." तो हसला, पण खिडकीकडे बघत नव्हता. "आता नवीन काय आहे त्यात? आमच्या घरात तुम्हाला नावच होतं. आई तुम्हाला दुरूनबाई म्हणायची."

मी गजाला धरून उभी राहिले.

"दुरूनबाई?"

"सगळं दुरून. फराळ दुरून, चहा दुरून." मग त्याचं त्यालाच वाटलं असावं. "जाऊ द्या. जुनं झालं."

माझे नेम आहेत. पूजेआधी बोलायचं नाही, एकादशीला अन्न नाही, दिव्याला तेल स्वतःच्या हाताने. पण कुणाला शिवू नये, कुणाला आत येऊ देऊ नये, हे माझ्या आईने मला शिकवलं नाही आणि मी कधी पाळलं नाही. सासूबाई पाळायच्या. त्या गेल्या त्याला तेव्हाच वीसेक वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सुकदेव ओट्याच्या आत का येत नाहीत, असं मी यांना एकदा विचारलं होतं. हे म्हणाले होते, लाजतो तो.

"आत या," मी म्हटलं. "पुढच्या दाराने. माझी शपथ आहे."

तो आला. उंबऱ्याशी चपला काढल्या, आधी मेन खाली ओढला. घरातलं सगळं एकदम गप्प झालं. एसी, फ्रिज, पंखे. मी देव उचलून पदरात घेतले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम. तो स्टुलावर चढला, डब्याचं झाकण काढलं आणि शीळ घातली. मला वर बघायला सांगितलं. वायरीचं वेष्टण वितळून तुपासारखं ओघळलं होतं आणि उघडी तार काळी पडली होती. त्याच्या खाली फळी, फळीखाली वस्त्रमाळ, कापूस, वातींचा डबा.

"आजची संध्याकाळ बघितली नसती तुम्ही," तो म्हणाला. मग पाना फिरवत, माझ्याकडे पाठ करून, सहज बोलल्यासारखं बोलला, "मागची खोली अजून आहे का हो?"

कोणती, असं मी विचारायच्या आत मला आठवली. तो आयटीआयला होता तेव्हा यांना विचारायला सुकदेव आले होते, की पोराला अभ्यासापुरती मागची खोली मिळेल का, चाळीत घरभर माणसं आणि बल्ब एक. यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं होतं. मी खोलीला चुना दिला. माझं माहेरचं मेज तिथे नेऊन ठेवलं, वर जास्त उजेडाचा बल्ब लावला. आठवड्याने हे म्हणाले, अगं, त्याला जळगावला वसतिगृह मिळालं. मला जरा वाईटच वाटलं होतं.

मी हे त्याला सांगितलं. तो पाना हातात धरून तसाच थांबला.

"कसलं वसतिगृह? बाबांना साहेब म्हणाले, माझं काही नाही रे, पण आमच्या हिचं सोवळं. मी त्या वर्षी नापास झालो. तुमचं नाव घेऊन नापास झालो, काकू. घरात सगळ्यांना सांगायला बरं पडलं."

तेवढ्यात आतून यांचा आवाज आला. नेहमीसारखाच गोड, जरा धापेचा.

"संघपाल, आत गेलास की काय रे? हिला विचारलंस ना? नाहीतर बिचारीला पुन्हा आंघोळ."

संघपालने वरून माझ्याकडे पाहिलं. पदरात देव होते म्हणून मला तोंडही झाकता येईना. मी तशीच यांच्या खोलीच्या दारात गेले आणि म्हटलं, मी बोलावलंय त्यांना.

"बघ हं संघपाल," हे मोठ्याने म्हणाले, "तुझ्यासाठी हिने सोवळं मोडलं. भाग्यवान आहेस."

"मी कधी पाळलं होतं?"

माझा आवाज मुळातच बारीक आहे. एरवी तो यांच्या पलंगापर्यंतही पोचत नाही, हे म्हणतात काय पुटपुटतेस. पण त्या वेळी घरात पंख्याचीही घरघर नव्हती. तो खोलीभर झाला आणि देवघरातही गेला. यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. काय करावं ते त्याला कळत नसावं.

"अगं, सहज म्हणतो मी," हे म्हणाले.

संघपाल दारात आला. हातात जळालेल्या वायरीचा तुकडा होता, तो त्याने यांच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवला. "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, साहेब देवमाणूस, बाई तेवढी कडक. बरं झालं गेले." मग मला म्हणाला, "दिवे-पंख्यांचं जोडून देतो. एसी लावू नका. वायर बदलावी लागेल."

"मग तू कधी येतोस बाळा?" यांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाला सांगा साहेब. भुसावळात पुष्कळ आहेत."

पुष्कळ होते, पण त्या हंगामात कुणी रिकामा नव्हता. मी संध्याकाळपर्यंत फोन करत राहिले. एक म्हणाला चार दिवसांनी, एक म्हणाला पाऊस पडल्यावर. केतकी म्हणाली, त्यांना नाशिकला घेऊन ये. डॉक्टर म्हणाले, या उन्हात प्रवास, विचारच करू नका. मी ओल्या चादरी खिडकीला टांगल्या, तर ओलीने यांना खोकला लागला. काढल्या, तर गरम. पंखा भट्टीतली हवा खाली ढकलत होता. यांच्या पायांवर सूज चढत होती ती दिसत होती.

मी कपाळावर फडकं ठेवत होते तेव्हा यांनी माझं मनगट धरलं.

"आई गेल्यावर घरात नाही म्हणायला कुणी उरलं नव्हतं, शरयू," हे म्हणाले. "मला जमत नाही. तुला माहीत आहे."

मी फडकं पुन्हा भिजवून आणलं. दुसरं काय करणार होते? एवढ्या धापेत ते बोलले होते, आणि त्यांना ते पुरेसं वाटलं होतं. त्याच घरात, त्याच नावाने, मी आयुष्यभर वावरले. दळण घेऊन गेले, हळदीकुंकवाला गेले, बायका माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसायच्या, आणि मला वाटायचं हा माझ्या नेमांचा मान आहे. ते आठवलं की अजूनही मान वर होत नाही.

सकाळी पूजा उरकली, नेवे वहिनींना यांच्याजवळ बसवलं आणि रिक्षा करून पुलापलीकडे गेले. संघपालचं घर शोधावं लागलं नाही, दुकानाची पाटी मोठी होती. मागे घर, पुढे ओटा. ओट्यावर एक म्हातारी कुरडयांची चाळण उन्हात सरकवत होती. त्या शेवंताबाई, संघपालची आई. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. लुगड्याच्या पदराने खुर्ची पुसली आणि ओट्यावरच, दारापासून लांब, सावलीत मांडली.

"बसा बाई. इथे वारा आहे."

मी यांचं सांगितलं. सूज, धाप, डॉक्टर काय म्हणाले ते. संघपाल असतील तर विनंती करायला आले आहे, म्हटलं. त्यांनी आत हाक मारली. दाराच्या पडद्यामागे कुणी तरी येऊन उभं राहिल्याचं कळलं. पडद्याखाली पावलं दिसत होती.

शेवंताबाई आत जाऊन केळी घेऊन आल्या. ताटलीत नाही, घडातून तोडलेली तशीच. माझ्या हातात न देता खुर्चीच्या हातावर ठेवली.

"सालीची आहेत, चालतील तुम्हाला. पाण्याचं विचारत नाही बाई. उगाच तुमची अडचण व्हायची."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. माझी सोय बघत होत्या त्या. मी त्यांना सांगायला आले होते, रिक्षात सगळी वाक्यं जुळवली होती. खोलीला दिलेला चुना, ते मेज, सगळं. पण काय सांगणार? नवरा खोटं बोलला म्हणून? त्याच नवऱ्यासाठी तर मी त्यांच्या दारात बसले होते.

"मला पाणी द्या," मी म्हटलं.

त्या थांबल्या. "नक्की?"

"घरातलं द्या. माठातलं."

त्या आत गेल्या आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं मी काय मागितलं. त्या दिवशी निर्जळा एकादशी होती. लग्नाआधीपासून मी ती करत आले आहे. केतकीच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हासुद्धा मी थेंब घेतला नव्हता, सासूबाई पाया पडल्या तरी. सकाळी पूजेत संकल्प सोडून आले होते. आता उठून सांगितलं असतं, की माफ करा, आज माझी निर्जळा, तर त्यात खोटं काहीच नव्हतं. आणि त्या म्हणाल्या असत्या, हो ना, असतंच तुमचं काहीतरी.

त्या पेला घेऊन आल्या. स्टीलचा, बाहेरून ओला. मी हात पुढे केला आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यांची बोटं लागली, खरखरीत होती. पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

मी प्याले.

"काकूंना अजून दे," पडद्यामागून आवाज आला. मग पडदा बाजूला झाला आणि संघपाल खांद्याला पिशवी अडकवत बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चारची जाड वायर घेतोय. वीसचा एमसीबी. जुन्या वायरीचा तुकडासुद्धा ठेवायचा नाही, आणि बापू नेवेंना डब्याला हात लावू द्यायचा नाही. आहे कबूल?"

मी मान हलवली. दुपारी तो आमच्या देवघरात होता, भिंतीला छिद्र पाडत. त्याने मला समया बाजूला घ्यायला सांगितल्या, मी घेतल्या. संध्याकाळी खोली गार झाली. हे पांघरूण ओढून म्हणाले, चांगला मुलगा आहे, मी म्हणत होतोच. त्यानंतर काही उन्हाळे हे त्या खोलीत निवांत झोपले. खटका पडला नाही. संघपाल पुन्हा कामाशिवाय आला नाही, आणि मीही त्या ओट्यावर पुन्हा गेले नाही. जायला हवं होतं.

हे गेल्यावर गुरुजींनी विचारलं, निर्जळा मोडली का कधी, तर सांगा, प्रायश्चित्त सोपं आहे. मी सांगितलं नाही. काय सांगावं ते ठरलं नाही. कधी वाटतं, तो पेला मी शेवंताबाईंसाठी घेतला, त्यांच्या घरातलं ते नाव पुसायला. कधी वाटतं, यांच्यासाठी घेतला, संघपालने पिशवी उचलावी म्हणून. दोन्ही सांगता आलं असतं, दोन्हीला देवाने क्षमा केली असती. पण पहिला पेला संपला तेव्हा माझ्या मनात त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. सकाळपासून घसा कोरडा होता, उन्हात आले होते, माठातलं पाणी गार होतं. शेवंताबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी पेला पुन्हा पुढे केला.